बाज, घार आणि आपली जीवदया



मागच्या महिन्यात दुबईहून नातवाचा फोटो आला. हातात कोपरापर्यंत चामड्याचा जाड मोजा, मोज्यावर ससाणा, ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची छोटीशी टोपी, आणि शेजारी आमचा एकोणीस वर्षांचा नातू तोंडभर हसतोय. खाली लिहिलं होतं, "दादी, इथं याचा क्लास असतो. पक्षी कसा सांभाळायचा, हातावर कसा बोलवायचा, त्याच्याकडून शिकार कशी करवायची, सगळं शिकवतात. मी शिकू का?"

फॅमिली ग्रुपवर लगेच अंगठे आणि फुलं पडली. त्याच्या आत्याने लिहिलं, "वा शेखसाहेब!" मी मात्र फोन पालथा ठेवला आणि सामायिक घेऊन बसले. मन काही लागलं नाही. कारण शिकारी पक्षी आणि आपण, हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या घरात ठाण मांडून बसला आहे. तो दुबईहून आलेला नाही, आमच्या गच्चीवरून आला आहे. आधी ते सांगते, मग नातवाला काय उत्तर दिलं ते सांगते.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी मुगाच्या वड्या घालायला मी बिबवेवाडीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या पाइपला एक घार उलटी लटकत होती. उजव्या पंखात नायलॉनचा मांजा इतका खोल रुतला होता की आतलं हाड दिसत होतं. ती ओरडत नव्हती, नुसती बघत होती. घारीचे डोळे इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिले.

वॉचमन म्हणाला, "भाभीजी, हात लावू नका, चोच मारेल." मी वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लावला. तास-दीड तासाने एक मुलगा आणि एक मुलगी आले. मुलीने सगळ्यात आधी काय केलं, तर घारीच्या डोक्यावर जुना टॉवेल टाकला. डोळे झाकल्याबरोबर घार शांत झाली. मग मांजा कापला, पंख अंगाशी दुमडला आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तिला ठेवलं. मी वाटीत पाणी घेऊन आले होते. ती म्हणाली, "आजी, पाजू नका. घाबरलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं." तहानलेल्याला पाणी पाजणं हे आपल्याला लहानपणापासून पुण्याचं काम म्हणून शिकवलेलं. इथं त्याच पाण्याने जीव गेला असता. दया करायची तर आधी माहिती करून घ्यावी लागते, हे मी त्या दिवशी शिकले.

दहा-बारा दिवसांनी मी उपचार केंद्रात जाऊन आले. पंखाला टाके घातले होते. पिंजऱ्याला बाहेरून कापड लावलेलं, आत अंधूक उजेड. मला फटीतून पाहू दिलं, पण बोलू नका म्हणाले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "हिला खायला काय देता?" उत्तर मला ठाऊक नव्हतं असं नाही. घार काय ज्वारी खाणार आहे? तरी "कोंबडीचे तुकडे, कधी उंदीर" असं कानांनी ऐकलं आणि अंगावर काटा आला.

आता खरी गोष्ट सुरू होते. आमच्या महिला मंडळाचा जीवदया निधी आहे आणि त्याचा हिशेब माझ्याकडे असतो. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, नोकरी कधी केली नाही, पण मंडळाची रोजकीर्द आणि खतावणी आजही मीच लिहिते. पांजरापोळेला चारा, कबुतरांना दाणे, पर्युषणात जीव सोडवणं, हे दरवर्षीचे ठरलेले खर्च. फेब्रुवारीच्या सभेत मी मांडलं की यंदा त्यातले अकरा हजार रुपये या केंद्राला द्यावेत.

आमच्या मोठ्या जाऊबाई समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या जीवदयेच्या पैशांतून कोंबड्या कापायच्या? एक जीव जगवायला रोज दुसरा जीव?" सभा गप्प झाली. मीही गप्प झाले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाभी मुद्दाम आडवं बोलणाऱ्या नाहीत. वर्षीतप केलेली बाई आहे. विषय पुढच्या सभेवर गेला आणि मी घरी येऊन वाचायला लागले.

वाचताना कळलं की हा प्रश्न दिल्लीत आपल्याआधी उभा राहिला होता. चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाने चालवलेलं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं कबुतरं, पोपट, चिमण्या यांच्यावर फुकट उपचार होतात. मांसाहारी पक्ष्यांना मात्र तिथं वरवरचे उपचार करतात, दाखल करून घेत नाहीत. मंदिराच्या आवारात मांस आणायचं कसं, आणि कबुतरांच्या शेजारी घार ठेवायची कशी, या अडचणी मला समजतात. त्याच दिल्लीत मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद हे दोघे भाऊ आहेत. तरुणपणी त्यांना एक जखमी घार सापडली आणि ती घेऊन ते पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले, तर मांसाहारी म्हणून तिला घेतलं नाही. पुढे ते दोघे घरच्या तळघरात, साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याच्या आपल्या धंद्याशेजारी, घारींवर उपचार करू लागले. त्यांच्यावर शौनक सेन यांनी २०२२ साली काढलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. सिनेमा पाहताना मला अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली. जीवदया हा शब्द आपण घरोघरी वापरतो. घारीच्या वेळी मात्र ते काम दुसऱ्या कुणीतरी केलं.

मार्चमध्ये केंद्रातून फोन आला, "आजी, तुमची घार उडवतोय, येता का?" मैदानावर तीच मुलगी होती. हातात चामड्याचा मोजा, अगदी नातवाच्या फोटोतल्यासारखा. घारीच्या पायाला मऊ पट्टी, पट्टीला लांब दोरी. ती घारीला हवेत सोडायची, घार दहा-पंधरा पावलं उडून खाली बसायची, पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची. सहा आठवडे पिंजऱ्यात राहून पंखांची ताकद गेलेली असते. एकदम मोकळं सोडलं तर पक्षी पडतो किंवा उपाशी मरतो. म्हणून दोरीवर रोज थोडं थोडं अंतर वाढवायचं. हे कुठं शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ही बाजदारांची जुनी विद्या आहे, आजी. दोरी, मोजा, डोळे झाकणं, रोज वजन करणं, सगळं त्यांच्याकडून आलेलं."

तिने आणखी एक गोष्ट दाखवली. एका शिक्र्याची उडायची पिसं तुटली होती. तुटलेल्या पिसाच्या पोकळ नळीत बांबूची बारीक काडी बसवून, दुसऱ्या पक्ष्याचं गळालेलं पीस तिने त्यावर जोडलं होतं. नवीन पीस यायला कित्येक महिने जातात, तोवर हे काम भागवतं. मी आयुष्यभर शिवण-टिपण केलं, पण इतकं नाजूक जोडकाम पाहिलं नव्हतं. ही युक्तीही बाज पाळणाऱ्यांचीच, शेकडो वर्षांपूर्वीची.

मग मला वाटलं, बाजदारी म्हणजे नक्की काय ते नीट समजून घ्यावं. नातवाचा फोटो आला तेव्हा हा अभ्यास माझ्या उपयोगी पडला.

ही विद्या आपल्या भागाला नवीन नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरच्या पलीकडे बीदर जिल्ह्यात. राजाने मन कसं रमवावं हे सांगताना त्यात 'श्येनविनोद' म्हणजे बाजाकडून शिकार करवण्याचाही विषय आहे. आज भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे असे पक्षी पकडणं, पाळणं आणि शिकार करणं गुन्हा आहे. बाहेर मात्र ही कला मानाची आहे. युनेस्कोने २०१० साली तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि २०२१ पर्यंत त्या यादीत २४ देशांची नावं आली. अमिरातीत ससाण्याला २००२ पासून स्वतःचा पासपोर्ट मिळतो आणि अबुधाबीत १९९९ पासून ससाण्यांसाठी मोठं रुग्णालय चालू आहे.

पक्षी शिकतो कसा? कुत्र्याला माणसाचा लळा लागतो, तसा ससाण्याला लागत नाही. तो मालकाच्या प्रेमाने हातावर येत नाही, भुकेने येतो. म्हणून रोज सकाळी त्याला काट्यावर बसवून वजन करतात. वजन जरा जास्त भरलं, पोट भरलेलं असलं, तर तो उडून जाईल आणि परत येणार नाही. फार कमी भरलं तर अशक्त होईल. त्या दोहोंच्या मध्ये, ग्रॅमच्या हिशेबात, त्याला ठेवायचं. सुरुवातीला माणसाची भीती जावी म्हणून तासन्‌तास हातावर घेऊन बसायचं. पायांत चामड्याच्या पट्ट्या. डोळ्यांवर टोपी. मग हातावर मांसाचा तुकडा ठेवून बोलवायचं, आधी एक पाऊल, मग दोरीवर लांबून. दोरीला पिसं आणि मांस बांधून ते खोटं पाखरू हवेत फिरवायचं आणि झेप घ्यायला शिकवायचं. शेवटी दोरी सोडायची. जंगलातून नुकत्याच पकडलेल्या बाजाच्या पापण्या पूर्वी दोऱ्याने शिवत असत, म्हणजे त्याला काही दिसू नये आणि तो लवकर माणसाळावा. आता टोपीमुळे ते बहुतेक ठिकाणी मागे पडलं आहे.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला प्रतिक्रमण आठवलं. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण नेमाने म्हणतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपान-विच्छेद. जीवाला बांधून ठेवणं, मारणं, त्याच्या अंगाला इजा करणं, फार ओझं लादणं, त्याचं अन्नपाणी तोडणं. वर्षानुवर्षं म्हणताना डोळ्यांसमोर बैलगाडी किंवा घरातली कामवाली यायची. आता बाज दिसला. पायातल्या पट्ट्या म्हणजे बंध. शिवलेल्या पापण्या म्हणजे छविच्छेद. आणि भुकेच्या काट्यावर रोज तोलणं म्हणजे भक्तपान-विच्छेद. या विद्येचा पायाच आपल्या अतिचारांवर उभा आहे.

शिवाय शिकार हे सात व्यसनांपैकी एक. कुणी म्हणेल, शिकार तर पक्षी करतो, माणूस नुसता बघतो. पण आपल्याकडे पाप करणं, करवणं आणि अनुमोदणं असं तीन तऱ्हेने मोजतात. दुसऱ्याच्या नखांनी करवलेली शिकार ही करवलेली शिकारच. आणि वाळवंटातल्या खेळात ससाण्याने झेप घेतल्यावर टाळ्या वाजवणं हे अनुमोदन. पंधरा कर्मादानांत हिंसक प्राणी धंद्यासाठी पोसणं श्रावकाला वर्ज्य सांगितलं आहे, त्याचंही कारण हेच असावं. आपण त्या प्राण्याच्या हिंसेचे भागीदार होतो.

इथवर सोपं आहे. नातवाला 'नको' म्हणून मोकळी झाले असते. पण न्यायाने पाहायचं तर दुसरी बाजूही खतावणीत लिहायला हवी.

अमेरिकेत डीडीटीच्या फवारण्यांमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, अंडी उबवतानाच फुटायला लागली आणि देशाच्या पूर्व भागातून तो पक्षी नाहीसा झाला. तो परत आणण्यात मोठा वाटा बाज पाळणाऱ्यांचा होता. पिंजऱ्यात ससाण्याची वीण कशी करायची आणि पिल्लांना आकाशात कसं सोडायचं हे त्यांनाच ठाऊक होतं. टॉम केड या त्यांच्यातल्याच प्राध्यापकांनी १९७० साली 'पेरेग्रिन फंड' ही संस्था काढली. १९७२ ला तिथं डीडीटीवर बंदी आली आणि १९९९ ला बहिरी ससाणा धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर पडला.

त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुढे आपल्याकडची गिधाडं का मेली याचा शोध लावला, तोही पाकिस्तानात काम करून. २००४ साली सिद्ध झालं की गुरांना वेदनेवर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध कारण आहे. औषध दिलेलं गुरू मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतातल्या तीन जातींची गिधाडं शंभरातली सत्त्याण्णव आणि त्याहून जास्त नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं, २०२३ मध्ये तशीच घातक असलेली अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन बंद झाली.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिले. म्हाताऱ्या गाईचे गुडघे दुखू नयेत म्हणून कुणी कळवळून तिला इंजेक्शन दिलं असेल. देशभरच्या गोशाळा-पांजरापोळांत किती दिली गेली असतील! देणाऱ्याच्या मनात दयाच होती. पण गाईला दिलेल्या दयेने गिधाड मेलं, कारण गिधाड आपल्या दयेच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. महासतीजी 'जयणा ठेवा, जयणा ठेवा' म्हणतात ना, त्याचा अर्थ मला इथं कळला. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणं ही जशी जयणा, तसं आपल्या दानाचा परिणाम कुठवर जातो हे बघणं हीसुद्धा जयणाच.

आणि मग मेघरथ राजा. शांतिनाथ भगवानांच्या पूर्वभवातली ही कथा आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकली आहे. भ्यालेलं कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं, मागून बाज येतो आणि आपलं भक्ष्य मागतो. आपल्याला कबुतर आठवतं, तराजू आठवतो, राजाने मांडीचं मांस कापून पारड्यात घातलं ते आठवतं. बाजाचं बोलणं आपण विसरतो. तो राजाला विचारतो की याला वाचवलंस, मग मी भुकेने मेलो तर ते तुला चालेल का? राजा बाजाला हाकलत नाही, दुष्ट म्हणत नाही. तो बाजाची भूकही खरी मानतो आणि तिची किंमत स्वतःच्या अंगावर घेतो. कथेत दोन जीव वाचवायचे आहेत, एक नाही.

आपण आज उलट करतो. दाणे टाकून कबुतरं वाढवतो आणि त्यांच्या मागे शिक्रा आला की टाळ्या वाजवून त्याला पिटाळतो, 'पापी' म्हणतो. पण तो पापी कसा? त्याला दुसरं काही खाता येत नाही. विवेक करायची सोय मनुष्यभवात आहे. तिर्यंचाला ती जवळजवळ नाही, म्हणूनच तर आपण त्याला कर्माधीन म्हणतो. आणि आपले चौदावे तीर्थंकर अनंतनाथ भगवान यांचं लांछन कोणतं? आपल्या परंपरेत श्येन, म्हणजे बाज. ज्या पक्ष्याला भगवंतांच्या चरणाखाली जागा आहे, त्याला आपल्या जीवदया निधीत जागा नसावी?

जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर यात पूर्ण मिळालं का? नाही. पुढच्या सभेत मी सरळ सांगितलं की हा हिशेब शून्यावर येत नाही. मी मांडलं ते असं. अकरा हजार रुपये एक्स-रे, टाके, औषधं आणि मांजा गोळा करणं एवढ्यासाठीच द्यायचे, तसं पत्र द्यायचं आणि पावतीवर तसं लिहून घ्यायचं. खाद्यासाठी मंडळाचा पैसा द्यायचा नाही. आपण कुणाला मारा म्हणत नाही, संकल्प जखम भरण्याचा आहे.

भाभींनी लगेच पकडलं. "तू औषधाचे दिलेस की त्यांचे तेवढे पैसे मांसाला मोकळे होतात. मग फरक काय?" खरं सांगते, बी.कॉम. झालेल्या बाईला यावर वाद घालता येत नाही. पैसा हा असाच असतो, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकतो. मी एवढंच म्हटलं, "भाभी, आपण सरकारी इस्पितळाला पलंग दिले, तिथल्या रोग्यांना अंडी देतात हे माहीत असून दिले. माणसाच्या बाबतीत आपण हा हिशेब केला नाही. आणि मी काहीच केलं नसतं तर ती घार त्या पाइपवर लटकून मेली असती. ती तिथं लटकली होती ती माणसाच्या खेळामुळे. तिच्या भुकेचं पाप तिच्या माथी असेल, तिच्या पंखाचं आपल्या माथी आहे."

मतं घेतली. ठराव मंजूर झाला, पण एकमताने नाही. पाच जणी विरोधात होत्या, त्यात भाभी पहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या चादरी आणि टॉवेल धुऊन, घड्या करून, दोन पिशव्या माझ्याकडे पाठवल्या. निरोप होता, "पैशाचं मला पटलेलं नाही. पण डोळे झाकायला कापड लागतं म्हणालीस." त्यांचं मत आजही बदललेलं नाही आणि मी त्यांना बदला असं म्हणतही नाही. तुमच्यापैकी काहींना त्यांचंच पटेल. तर निदान कापडं द्या.

घार एप्रिलमध्ये सोडली. खोक्याचं झाकण उघडलं, ती काठावर बसली, आणि गेली. मागे वळून बघितलं वगैरे काही नाही. तेव्हा त्या मुलीचं एक बोलणं मला पटलं. ती म्हणाली होती, "बाजदार पक्ष्याला शिकवतो ते त्याने परत हातावर यावं म्हणून. आम्ही तीच दोरी, तोच मोजा वापरतो, पण तिने परत येऊ नये म्हणून. म्हणून तर तिच्यासमोर बोलत नाही, आमच्या हातून खाताना तिला आमचा चेहरा दिसू देत नाही." विद्या एकच आहे. एक जण पक्ष्याला स्वतःसाठी ठेवतो, दुसरा त्याचा त्याला परत देतो.

म्हणून नातवाला मी जे लिहिलं, ते असं: "बेटा, शिकार करवायला शिकू नकोस. भुकेला ठेवून हातावर बोलवणं आणि त्याच्या नखांनी दुसरा जीव मारवणं, दोन्ही आपल्या व्रतात बसत नाही. पण त्या पक्ष्याचा राग करू नकोस, आणि हे सांभाळणाऱ्या अरब लोकांनाही नावं ठेवू नकोस. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. तुला शिकायचंच असेल तर अबुधाबीला ससाण्यांचं रुग्णालय आहे, बाहेरच्या लोकांना ते दाखवतात. तिथं जाऊन बघ. तुटलेलं पीस कसं जोडतात ते शिकून ये आणि मला दाखव."

त्याचं उत्तर आलं, "दादी, तिथंही त्यांना मांस देतात. चालेल?" मी लिहिलं, "तू देऊ नकोस. बघितलंस तर मन आक्रसेल, ते आक्रसू दे. आक्रसलेलं मन बरं, निर्ढावलेलं नको." तो गेला की नाही ते अजून कळवलेलं नाही. क्लासचे पैसे मात्र भरलेले नाहीत, असं त्याच्या आईकडून कळलं.

आता संक्रांत तोंडावर आली आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातली आहे, तरी तो मिळतो, आणि मिळतो तो आपल्याच मुलांच्या फिरकीवर. म्हणून शेवटी चार घरगुती गोष्टी.

घरात पतंग येणार असतील तर साधा सुती दोराच आणा. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात, त्या वेळी मुलांना पतंग उडवू देऊ नका. संक्रांत झाली की गच्ची, झाडं, केबलच्या तारा यांवरचा मांजा गोळा करा, बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका. गेल्या वर्षी आमच्या एका इमारतीतून पिशवीभर निघाला. जखमी पक्षी दिसला तर पाणी पाजू नका, खायला घालू नका. कापड टाकून डोळे झाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि १९२६ ला फोन करा. पुण्यात बावधनला वन विभाग आणि 'रेस्क्यू' संस्थेचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. आणि पांजरापोळेला चारा देताना तिथल्या डॉक्टरांना एकदा विचारा की गुरांच्या दुखण्यावर कोणतं औषध देता. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित आहे.

हे सगळं करताना पक्षी कोणता आहे, तो काय खातो, हे बघू नका. मांजा तर बघत नाही.

माझ्या लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.